उभ्याने शिवताना

आमच्या दुकानात लाँगआर्मची चौकशी करायला येणारी बाई आधी किंमत विचारते आणि मग क्लासचं विचारते. मशीनजवळ उभं राहायला कुठे आणि किती वेळ मिळेल, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी. सेंट लुइसच्या एका उपनगरातल्या क्विल्टच्या दुकानात मी काम करते. मागच्या खोलीत दोन लाँगआर्म आहेत, ती आम्ही तासावर भाड्याने देतो. भाड्याने घेण्याआधी एक क्लास करावाच लागतो आणि तो क्लास मी घेते.

लाँगआर्म म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. फोनवर आईला समजावताना माझी दरवेळी दमछाक होते. अमेरिकेत क्विल्ट दोन टप्प्यांत होते. आधी कापडाचे तुकडे जोडून वरचा थर करायचा, त्याला टॉप म्हणतात. मग टॉप, मधली कापसाची बॅटिंग आणि पाठीचं कापड असे तीन थर एकमेकांना शिवून टाकायचे. क्विल्टिंग म्हणजे खरं तर हे दुसरं काम. घरच्या मशीनच्या मानेखाली सात-आठ इंच जागा असते. डबलबेडची क्विल्ट गुंडाळी करून तिथे कोंबायची, सरकवायची, परत कोंबायची, यात खांदे भरून येतात. लाँगआर्मची मान अठरापासून तीस इंचांपर्यंत लांब असते आणि मशीन चाकांवर बसवलेलं असतं. क्विल्ट दहा-बारा फुटी चौकटीच्या रुळांवर ताणून बसवायची आणि शिवणारीने उभं राहून, दोन मुठी धरून, मशीनच फिरवायचं. घरच्या मशीनवर पेन एका जागी रोवून कागद सरकवत लिहायचं असतं. इथे कागद जागेवर आणि पेन आपल्या हातात.

आई म्हणाली, "मग त्यात शिवायचं काय राहिलं?"

आई कराडकडची. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, कडेपासून आत आत धावदोरा घालत तिने घरातल्या प्रत्येकासाठी गोधडी शिवलेली आहे. मधे कापूस नाही, चौकट नाही, नमुना आखलेला नाही. तिच्या प्रश्नात टोमणा होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. या मशीनवर शिवायचं काय राहतं हे कळायला मला पुष्कळ काळ लागला आणि ते कुठल्याच क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

नवऱ्याच्या नोकरीमागून एच-फोर व्हिसावर इथे आले तेव्हा मला पगारी काम करायची परवानगी नव्हती. शिकायला मात्र कुणाची हरकत नव्हती. ग्रंथालयाच्या फलकावर क्विल्टिंग गिल्डच्या मासिक सभेचा कागद लावलेला दिसला, म्हणून गेले. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या, कॉफी आणि बहुतेक माझ्या आईच्या वयाच्या बायका. गिल्ड म्हणजे गावोगावची क्विल्ट करणाऱ्यांची मंडळं. वर्षाची वर्गणी किरकोळ असते. लाँगआर्म शिकायचं असेल तर आधी गिल्डमध्ये जा, असं मी आज सगळ्यांना सांगते. गिल्डमधल्या कुणा ना कुणाच्या तळघरात लाँगआर्म असतंच आणि ती बाई बोलकी असेल तर ते बघायलाही मिळतं. मला तशी एक भेटली. मोठ्या क्विल्टची पाठ रुळावर चढवताना तिला समोरून धरायला दुसरं माणूस लागायचं. ते माणूस मी झाले. त्या बदल्यात ती मला बघू द्यायची, पुढे पुढे कडेची टाचणही घालू द्यायची.

क्लासची शोधाशोध मी त्याच काळात केली. सगळ्यात सहज सापडतात ते विक्रेत्यांचे क्लास. मशीन घेतलंत तर शिकवणी फुकट, आणि घेण्याआधी 'चालवून बघा' असा तासाभराचा कार्यक्रम. त्या तासात मशीन आधीच लावून ठेवलेलं असतं: दोरा ओवलेला, ताण जमवलेला, पांढरं कोरं कापड ताणलेलं. तुम्ही मुठी धरता, मशीन लोण्यातून गेल्यागत पळतं आणि वाटतं, अरे, हे तर येतंय की आपल्याला! अशाच एका तासानंतर एका विक्रेत्याने माझ्यासमोर कर्जाचा अर्ज ठेवला होता. त्याला दोष देत नाही, त्याचा तो धंदा आहे. पण त्या तासात जे आयतं मिळालेलं असतं, तेच तर शिकायचं असतं.

ऑनलाइन साहित्य तर भरपूर आहे. कॅन्सस सिटीकडच्या अँजेला वॉल्टर्सचे व्हिडिओ आणि पुस्तकं नवशिक्यांनी आवर्जून बघावीत. ती आपल्या नवऱ्याच्या आजोबांकडून क्विल्ट करायला शिकली आणि तिच्या शिकवण्यात अजूनही घरगुती मोकळेपणा आहे. चुकलेली रेघ ती लपवत नाही, त्या रेघेच्या शेजारून पुढे कसं जायचं ते दाखवते. मशीन बनवणाऱ्या कंपन्याही आपापले व्हिडिओ ठेवतात: आमच्याच राज्यातल्या वेस्ट प्लेन्स गावची गॅमिल, आयोवातल्या कॅरोलची एपीक्यूएस, युटाची हँडी क्विल्टर. दोरा ओवण्याचा मार्ग, तेल कुठे घालायचं, बॉबिनची डबी कशी बसते, हे ज्या कंपनीचं मशीन त्याच कंपनीच्या व्हिडिओतून बघावं. एकीचं दुसरीला लागू पडत नाही. व्हिडिओतून नमुना कळतो, हाताचा वेग कळत नाही आणि मशीनचा आवाज तर मुळीच कळत नाही, कारण त्यावर बहुधा संगीत घातलेलं असतं.

मोठ्या प्रदर्शनांतले क्लास हा निराळाच मामला. एप्रिलमध्ये केंटकीतल्या पडूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचा क्विल्टवीक असतो, शरद ऋतूत ह्यूस्टनला इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल. तिथे एका दालनात लाँगआर्मच्या रांगा लावलेल्या असतात आणि नावाजलेले शिक्षक येतात. बहुधा एका मशीनवर दोघी, आळीपाळीने. पडूका आमच्यापासून गाडीने तीनेक तास. मी गेले, पैसे भरले, पिसं, गोट्या, वेली असलं सगळं काढून आले. शिक्षक उत्तमच होते. तरी अगदी कोऱ्या माणसाने तिथून सुरुवात करू नये असं मला वाटतं. तिथेही मशीन लावून ठेवलेलं असतं. दोरा तुटला की मदतनीस धावत येतो आणि तुम्ही बाजूला उभे राहता. थोडा हात बसल्यावर जाल तर मात्र पैसा वसूल.

पडूकाला जायचं दुसरं कारण म्हणजे तिथलं राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय. १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या 'कोरोना २: सोलर एक्लिप्स' या क्विल्टला सोसायटीच्या प्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला तो मान तिथे पहिल्यांदाच मिळत होता आणि हाताने टाके घालणाऱ्यांमध्ये त्यावरून मोठी खळबळ उडाली. ते मशीनही लाँगआर्म नव्हे, साधं घरगुती. आज तीच क्विल्ट त्या संग्रहालयात आहे आणि भांडण पुढे सरकलंय. आता हाताने मशीन फिरवणाऱ्या बायका संगणकावर चालणाऱ्या मशीनवर नाकं मुरडतात.

शेवटी मला जे उपयोगी पडलं ते भाड्याचं मशीन. अमेरिकेत पुष्कळ क्विल्टच्या दुकानांत ही सोय असते, पण ती शोधावी लागते. दुकानाच्या क्लासच्या यादीत तळाशी कुठेतरी 'भाड्यासाठी प्रमाणपत्र' असा कोरडा मथळा असतो. अर्ध्या दिवसाचा क्लास, तो झाला की कागद मिळतो आणि मग तासावर किंवा दिवसावर मशीन मिळतं. दुकानातली कुणी तरी हाकेच्या अंतरावर असते, पण तुमची क्विल्ट तुम्हीच चढवायची, दोरा तुम्हीच ओवायचा, तुटला तर तुम्हीच बघायचा. मीटर चालू असतो, त्यामुळे डोकंही चालतं. पुढे मला कामाची परवानगी मिळाली तेव्हा अशाच एका दुकानात नोकरी धरली.

माझ्या क्लासला आलेल्या बायकांचा पहिल्या तासात हमखास विरस होतो, कारण त्या तासात आम्ही एक टाकाही घालत नाही. क्विल्ट चढवतो. पाठीचं कापड टॉपपेक्षा प्रत्येक बाजूने चार इंच मोठं लागतं, म्हणजे लांबी-रुंदीला आठ-आठ इंच जास्त. कुणी तरी नेमकं टॉपएवढंच कापड आणलेलं असतं, कारण 'चार इंच वाया कशाला?' ते चार इंच वाया जात नसतात. दोन्ही बाजूंना चिमटे लावून कापड ताणायचं तर धरायला काही तरी हवं, आणि चिमट्यावर मशीन आदळू नये म्हणून अंतरही हवं. मग कापडाची वरची कड सरळ आहे का ते बघायचं. दुकानातून कापून आणलेली कड सरळ असते हा गोड गैरसमज आहे. ती फाडून किंवा मोजून सरळ करायची, मधोमध खूण करायची, रुळाला लावलेल्या जाड पट्टीच्या मध्याशी ती जुळवायची आणि मधून कडेकडे टाचण्या लावत जायचं. एका टोकापासून सुरुवात केली तर कापड तिरकं ताणलं जातं आणि तीन फूट शिवून झाल्यावर पाठीला चुणी दिसते. तोवर वरचे दोन्ही थर तिच्यावर शिवले गेलेले असतात.

किती ताणायचं? हा प्रश्न प्रत्येक क्लासमध्ये येतो आणि याचं उत्तर आकड्यात देता येत नाही. मी सांगते, ताणलेल्या कापडाखाली एक हात घाला, बोट वर ढकला आणि वरून दुसऱ्या हाताने त्या बोटाचं टोक धरता येतंय का बघा. धरता आलं तर ठीक. नवशिक्या बाईला कापड ताठ दिसलं की बरं वाटतं आणि ती रूळ आणखी एक खाच फिरवते. मग सुई वर येताना कापड सोबत उचलतं, टाके सुटतात, दोरा तुटतो, आणि दोष जातो मशीनला.

यानंतर येतो दोऱ्याचा ताण. इथे निम्म्या बायका घाबरतात. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा यांची गाठ बॅटिंगच्या आत बसायला हवी. वरचा ढिला पडला की पाठीवर त्याच्या बारीक बारीक वाट्या दिसतात, आणि वळणावर त्या सगळ्या एका बाजूला ओढल्या जातात. इथल्या बायका त्यांना पापण्या म्हणतात. खालचा ढिला असेल तर तो दोरा वर डोकावतो. खरी अडचण ही की पाठ तुम्हाला दिसत नाही. ती खाली असते आणि शिवलेला भाग रुळावर गुंडाळला जात असतो. म्हणून मी सवय लावते: कडेच्या पट्टीवर आधी चार वळणं घालायची, मग चौकटीखाली वाकून बोटांची टोकं पाठीवरून फिरवायची. डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं. नीट बसलेला टाका बोटाला खोलगट लागतो. न बसलेला असेल तर दोरा वरच तरंगतो आणि नखात अडकतो. बॉबिनची डबी दोऱ्याने लटकवून हलकासा झटका द्यायचा. ती थोडी खाली उतरून थांबायला हवी. धाडकन खाली आली तर ताण कमी, जागची हललीच नाही तर जास्त. डबीवरचा तो इवलासा स्क्रू फिरवताना खाली वाटी धरायची. तो गालिच्यात पडला की दुपार संपली.

हे झाल्यावर मशीन चालू. आता बहुतेक मशीनना स्टिच रेग्युलेटर असतो. तुम्ही मूठ भरभर हलवा किंवा सावकाश, टाक्याची लांबी तो सारखी ठेवतो. इंचाला दहा-अकरा टाके. याने फार मोठी सोय झाली, तरी वळणाचा डौल त्याला सांभाळता येत नाही. पहिला नमुना सगळ्यांना एकच देते: कुठेही न छेदणारी, भटकत जाणारी नागमोडी रेघ. सोपी वाटते, पण अर्ध्या फुटातच बाई कोपऱ्यात अडकते, कारण पुढे कुठे जायचं हे तिने ठरवलेलं नसतं. त्यावर उपाय फुकटातला आहे. पांढऱ्या फळ्यावर पेन न उचलता तीच रेघ रोज काढत बसायची. टीव्हीसमोर बसूनही जमतं. नजर पेनाच्या टोकावर न ठेवता पुढच्या रिकाम्या जागेवर ठेवायची. मशीनवर येण्याआधी हातात एवढं मुरलेलं असलं की भाड्याचे तास वाचतात.

मशीनच्या मागच्या बाजूने काम करायची पद्धत वेगळी. तिथे टेबलावर छापील नमुन्याचा लांब कागद पसरलेला असतो, मशीनला लेझरचा लाल ठिपका लावलेला असतो आणि तो ठिपका रेघेवरून न्यायचा. याला पँटोग्राफ म्हणतात. यात क्विल्ट दिसतच नाही, ती मशीनच्या पलीकडे असते. नवशिक्यांना हे आवडतं, कारण ठरवायचं काही नसतं आणि क्विल्ट हमखास पूर्ण होते. मलाही यात गैर काही वाटत नाही. घरी पहिली पुरी झालेली क्विल्ट घेऊन जाणारी बाई परत येते. वेल काढताना अडखळून निम्म्यात सोडणारी येत नाही.

संगणकाबद्दल मात्र माझं मत जरा कडू आहे. पडद्यावर नमुना निवडा, चौकट मोजून द्या, मशीन आपोआप शिवत जातं. पोट भरण्यासाठी हे काम करणाऱ्यांनी संगणक जरूर घ्यावा, त्यांचे खांदे वाचतात. पण पहिल्याच दिवशी संगणकावर बसलेल्या बाईला मी पाहिलंय. दोरा तुटला की ती पडद्याकडे बघते. कापड ताणलेलं कसं आहे, सुई बोथट झालीय का, बॉबिनच्या कोनाड्यात किती कचरा साठलाय, हे पडद्यावर दिसत नाही. सुई बोथट झाली की मशीन ठक् ठक् वाजायला लागतं आणि ते ऐकू यायला मशीनच्या मुठी काही काळ हातात असाव्या लागतात.

पैशांचं बोलायला हवं, कारण चौकशीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींच्या मनात घरून धंदा करायचा असतो. आमच्या मिझुरीत तर या धंद्याची एक दंतकथाच झालीय, फक्त ती खरी आहे. हॅमिल्टन हे दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. तिथल्या जेनी डोनला, आपला टॉप क्विल्टिंगला दिला तर कित्येक महिने थांबावं लागेल असं कळलं. २००८ च्या मंदीत घरची पुंजी गेलेली होती; मुलांनी मिळून आईला लाँगआर्म घेऊन दिलं. त्यातून मिझुरी स्टार क्विल्ट कंपनी उभी राहिली, आणि आज त्या गावचा मुख्य रस्ता क्विल्टच्या दुकानांनी भरलाय. ही गोष्ट ऐकून आलेल्या बायकांना मी दोन आकडे दाखवते. साधा, कडेपासून कडेपर्यंतचा नमुना शिवून द्यायला चौरस इंचाला दोन सेंटच्या आसपास घेतले जातात. ९० बाय १०८ इंचांची क्विल्ट म्हणजे ९,७२० चौरस इंच, म्हणजे १९४ डॉलर. यात चढवणं, उतरवणं, दोरा, सुया आणि गिऱ्हाइकाशी फोनवर रंगावरून होणारी चर्चा सगळं आलं. नवं मशीन आठ-दहा हजार डॉलरपासून सुरू होतं आणि संगणकासकट चाळीस हजारांवर सहज जातं. आणि डोन कुटुंबाचं नशीब फळलं ते नुसतं शिवून देऊन नव्हे. मुलाने आईला कॅमेऱ्यापुढे उभं करून शिकवायला लावलं आणि कापड विकलं.

हात बसवण्यासाठी कुणाच्या क्विल्ट वापरायच्या हा खरा पेच. स्वतःचे टॉप लवकर संपतात, आणि ज्यावर वर्षभर राबलो त्यावर पहिली वाकडी वळणं घालवत नाहीत. इथे पुन्हा गिल्ड कामी येते. प्रत्येक गिल्डमध्ये दानासाठी शिवलेल्या टॉपचा ढीग पडून असतो. टॉप जोडणाऱ्या भरपूर, क्विल्टिंग करून देणाऱ्या थोड्या. आधी नुसती पांढरी मांजरपाट दोन्हीकडे लावून, गडद दोऱ्याने सराव करायचा म्हणजे चूक लपत नाही. ते तुकडे कडा शिवून कुत्र्यांच्या निवाऱ्याला द्यायचे. तिथे पापण्यांबद्दल कुणाची तक्रार नसते. मग लहान मुलांच्या दुपट्यांएवढ्या क्विल्ट. आणि हात सुधारला की क्विल्ट्स ऑफ व्हॅलर. ही संस्था २००३ मध्ये कॅथरीन रॉबर्ट्सने सुरू केली, तिचा मुलगा तेव्हा इराकमध्ये तैनात होता. युद्धातून आलेल्या सैनिकांना क्विल्ट देतात. लाँगआर्म असलेल्या स्वयंसेवकांची त्यांना कायम गरज असते, कारण टॉप शिवणारी एकीकडे आणि क्विल्टिंग करणारी दुसऱ्याच राज्यात, असं हे काम चालतं. त्या क्विल्टवर सराव करू नये, पण सराव झालाय हे तिथे कळतं.

मराठी मंडळात माझ्या या उद्योगाची बातमी पसरायला गणपती पुरला. एक काकू पिशवी घेऊन आल्या. सासूबाईंच्या साड्या: दोन सुती नऊवारी, एक नारायणपेठ, एक जरीकाठी रेशमी. "तुझ्या त्या मोठ्या मशीनवर होईल ना गं पटकन? नातवंडांना एकेक द्यायचीय." सुती नऊवारी म्हणजे तर पर्वणी. धुऊन धुऊन मऊ पडलेलं ते कापड सुईखाली इतकं शहाण्यासारखं वागतं की बाजारातलं नवं क्विल्टचं कापड त्यापुढे उर्मट वाटावं. रेशमी साडीने मात्र घाम काढला. ती बॅटिंगवरून घसरते, सुईची भोकं कायमची राहतात आणि उसवायची वेळ आली तर खुणा जात नाहीत. तिला मागून चिकटणारं पातळ अस्तर इस्त्रीने लावावं लागलं. जरीच्या काठावर तर मशीनचं पाऊल अडखळलं. काठ जाड, शेजारचं अंग पातळ, आणि जरीची तार दोरा कापते. काकूंना फोन करून म्हटलं, काठ क्विल्टच्या मध्ये नको, कडेच्या पट्टीला लावू. "पण काठ तर मध्ये शोभेल," त्या म्हणाल्या. मी त्यांना दुकानात बोलावलं, मुठी त्यांच्या हातात दिल्या आणि जरीवरून जायला सांगितलं. खाड्कन आवाज झाला, दोरा तुटला. "कडेलाच घे बाई," काकू म्हणाल्या, आणि मग तासभर साध्या कापडावर मशीन फिरवत बसल्या. जाताना त्यांनी क्लासची तारीख लिहून घेतली.

गिल्डच्या ग्रंथालयात गीता खंडेलवालांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं पुस्तक आहे, फ्रान्सच्या क्विल्टमानियाने काढलेलं. लाँगआर्म शिकणाऱ्यांना मी ते मुद्दाम चाळायला देते. त्यातले धावदोरे सरळ नाहीत, अंतर सारखं नाही, आणि तरी पूर्ण कापडभर एक चाल आहे. रेग्युलेटरवर वाढलेल्या डोळ्याला हे बघणं बरं. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की त्या पुस्तकाला केवढे पैसे पडले.

सध्या माझ्या क्लासमधला सगळ्यात तयार विद्यार्थी एक निवृत्त कारखाना कामगार आहे. आयुष्य लेथवर गेलेलं. बायकोला सोडायला आला होता, ती टॉप जोडण्याच्या क्लासला गेली आणि हा मागच्या खोलीत मशीन बघत उभा राहिला. फुलं, पिसं वगैरेत त्याला काडीचा रस नाही. त्याने पहिल्यांदा विचारलं ते बॉबिनचा ताण मोजायचं यंत्र मिळतं का. मिळतं, तोवा कंपनीचं छोटं गेज. पुढच्या खेपेला तो स्वतःचं घेऊन आला. इतर विद्यार्थी दोरा तुटला की माझ्याकडे बघतात, हा कान देऊन मशीन हळूहळू चालवतो आणि म्हणतो, "सुई." बहुतेक वेळा सुईच असते. आता दर बुधवारी तो मशीन भाड्याने घेतो आणि बायकोचे टॉप शिवून देतो. कडेपासून कडेपर्यंत नागमोडी रेघ, दुसरं काही नाही. पण पाठ अशी की बोटाला कुठे अडखळ लागत नाही.

परवा त्याने विचारलं, जुनं मशीन घेताना काय बघायचं. मी सांगितलं: किती तास चाललंय ते मशीनच्या पडद्यावर काढून बघा, रुळांवर चाकं कुठे अडतात का ते रिकामं फिरवून बघा, तुमच्या भागात त्या कंपनीचा दुरुस्तीवाला आहे का ते आधी विचारा. आणि सगळ्यात आधी घरातली जागा. बारा फुटी चौकटीला दोन्ही टोकांना वळायला जागा लागते, पुढे उभं राहायला आणि मागे पँटोग्राफला वेगळी.

"जागा मोजली," तो म्हणाला. "तळघर पुरतं. फक्त घराचा एक लोखंडी खांब नेमका मध्ये येतोय."

मी म्हटलं, "मग दहा फुटी घ्या."

"दहा फुटी मोजूनच सांगतोय," तो म्हणाला. "बायको म्हणते, दिवाणखान्यातला सोफा काढू."